युधिष्ठिराच्या कुत्र्याला काय काम होतं?



आजचं वाचन : महाभारत, महाप्रस्थानिक पर्व.

द्रौपदी आणि चारही भाऊ वाटेत पडले. युधिष्ठिराबरोबर उरला एक कुत्रा. इंद्र रथ घेऊन आला आणि म्हणाला, चल, पण कुत्रा इथेच सोड. युधिष्ठिर नाही म्हणाला. भावांना सोडलंस ना, मग याचंच काय, असं इंद्राने टोचलं. त्यावर त्याचं उत्तर असं : ते मेले होते, त्यांना उठवणं माझ्या हातात नव्हतं, जिवंतपणी मी कुणाला सोडलं नाही. हा जिवंत आहे, आणि माझ्या आसऱ्याला आलाय.

या कुत्र्याने वाटेत काही काम केल्याचं कथेत येत नाही. तो नुसता मागोमाग चालत आला. तो साक्षात धर्म आहे हे युधिष्ठिराला कळलं ते नकार देऊन झाल्यावर.

मी थांबलो ते इथेच. आमच्या चेण्याच्या घरी आठ महिन्यांपासून शेल्टरमधून आणलेला एक देशी कुत्रा आहे. मागे नॅशनल पार्कचं जंगल, बिबट्यांचा वावर, म्हणून अंधार पडला की तो घरातच. स्वभावाने शांत आहे, त्यामुळे त्याला थेरपी डॉग म्हणून तयार करावं असं बायकोच्या मनात आहे.

काम चांगलंच आहे. न्यूयॉर्कचे बालमानसतज्ज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांच्या जिंगल्स नावाच्या कुत्र्याशी एक मिटून गेलेला मुलगा मोकळा झाला. त्यांनी १९६२ मध्ये या विषयावर लेख लिहिला. आपल्याकडे मानसशास्त्रज्ञ मीनल कविश्वर यांची अ‍ॅनिमल एंजल्स फाउंडेशन हे काम करते.

तयारीही साधी नाही. व्हीलचेअर, कुबड्या, अचानक पडलेलं ताट, अनोळखी हातांनी वेडंवाकडं कुरवाळणं, हे सगळं त्याने न घाबरता घ्यायचं असतं.

पण प्रश्न असा की आपण त्याला दत्तक घेतलं की कामाला ठेवलं? आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात टेस्टमध्ये बसलं नाही ते पुढे जात नाही. जिवाला हा नियम लावायचा का?

मला वाटतं, शिकवण्यात पाप नाही. पण दोन गोष्टी आधीच ठरलेल्या हव्यात. पहिली, त्याचा नकार ऐकायचा. भूक-झोप नसताना जांभया देणं, ओठ चाटणं, तोंड फिरवणं, शेपटी पोटाखाली घेणं, ही त्याची भाषा. ती दिसली की समोर कितीही गोड मूल असो, त्याला बाहेर आणायचं. दुसरी, नापास झाला तरी त्याची चटई आणि वाटी जिथे आहे तिथेच राहील. आमच्या घरी हे काल रात्री बोलून ठरलं, आता शिकवणी सुरू करायला हरकत नाही.

गीतेच्या पाचव्या अध्यायातल्या अठराव्या श्लोकात ज्ञानी माणसाच्या समदृष्टीत कुत्राही येतो. तिथे त्याच्या उपयोगाची अट नाही.

आजचा नेम : घरातल्या ज्या माणसाचा आता ‘काही उपयोग नाही’, त्याच्याजवळ दहा मिनिटं बसायचं. काम न काढता.

पांडुरंगा, तेवढी बुद्धी दे.