या, जेवायला!

जेवणाच्या वेळी दारावरून कोणी गेले, तर आतून "या जेवायला" म्हणायचे आणि जाणाऱ्याने "होऊ द्या सावकाश" म्हणून पुढे चालू लागायचे, हा आपल्याकडचा जुना रिवाज आहे. बोलावणाऱ्याला ठाऊक असते की, पाहुणा बसणार नाही. पाहुण्यालाही ठाऊक असते की, आत भाकऱ्या मोजून थापल्या आहेत. मग जे आमंत्रण कोणी स्वीकारू नये अशीच मनातून अपेक्षा असते, त्याला आमंत्रण म्हणावे की गोड शब्दांतले असत्य?

माझे एक स्नेही या बाबतीत मोठे कडक आहेत. "पोटात नसेल ते ओठांवर आणू नये. मी कोणाला खोटे 'या' म्हणत नाही, आणि कोणाचे खोटे 'या' ऐकूनही घेत नाही," असे ते म्हणतात. त्यांच्या सत्यनिष्ठेबद्दल मला आदर आहे. जेवणाच्या वेळी मी त्यांच्या घरी जात नाही, एवढेच.

हा वाद आमच्यात वर्षानुवर्षे चालत आला आहे. परंतु त्यातली एक बाजू मला नीट उमगली ती मात्र फार दूरच्या एका पंगतीत. माझा मुलगा न्यूयॉर्कला असतो. त्याची पत्नी फिलिपिनो, आणि आमच्या विहीणबाई तेथील एका रुग्णालयात परिचारिका म्हणून काम करून निवृत्त झालेल्या. नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांनी आम्हा सर्वांना क्वीन्स भागातल्या एका फिलिपिनो खानावळीत जेवायला नेले. तेथल्या रूझवेल्ट अ‍ॅव्हेन्यूवर लोखंडी खांबांवरून आगगाडी धडधडत जाते. जॅक्सन हाइट्सची साड्यांची नि मिठायांची देशी दुकाने मागे टाकून थोडे पश्चिमेला गेले की, वुडसाइडची फिलिपिनो वस्ती लागते. तिथल्या ७०व्या रस्त्याच्या कोपऱ्याला २०२२ साली 'लिटल मनिला अ‍ॅव्हेन्यू' असे नावही मिळाले आहे.

टेबलावर या टोकापासून त्या टोकापर्यंत केळीची पाने अंथरली होती. मधोमध भाताची लांब रास, आणि तिच्या अंगाखांद्यावर भाजलेले मासे, शिरक्यात शिजवलेले मांस, तळलेल्या सुरळ्या आणि कच्च्या पपईचे लोणचे. या लोणच्याला ते 'आचारा' म्हणतात, म्हणजे आपलेच अचार. हाताने जेवण्याच्या या पद्धतीचे नाव 'कामायान'. 'कामाय' म्हणजे हात. आपल्या पंगतीतही केळीचे पान असते, पण ते ज्याचे त्याचे. येथे सगळ्यांत मिळून पान एकच! आमची सौभाग्यवती शुद्ध शाकाहारी, त्यातून उष्ट्याखरकट्याचा विचार करणारी. विहीणबाईंनी काही न विचारता तिच्यापुढे निराळे पान मांडले, त्यावर भात आणि नारळाच्या दुधात शिजवलेली, मासळी न घातलेली अळूची भाजी वाढली, आणि म्हणाल्या, "काइन तायो!"

सुनेने अर्थ सांगितला: "आपण जेवू या." मग तिने आणखी एक गंमत सांगितली. तागालोग भाषेत 'वी'साठी दोन शब्द आहेत. ऐकणाऱ्याला वगळून म्हणायचे तर 'कामी', आणि त्याला धरून म्हणायचे तर 'तायो'. मी चमकलोच. हे तर आपले 'आम्ही' आणि 'आपण'! इंग्रजीला जो भेद करता येत नाही, तो या दोन दूरच्या भाषांनी जपून ठेवला आहे. आणि 'आपण' या शब्दात निराळे पानही मावते, हे मी त्या दिवशी समोरच पाहिले.

शेजारच्या टेबलावर एक मध्यमवयीन गृहस्थ एकटाच सूप पीत बसला होता. विहीणबाईंनी त्यालाही म्हटले, "काइन तायो." तो हसून उत्तरला, "बुसोग पा आको," म्हणजे पोट भरलेले आहे. हे त्यांचे "होऊ द्या सावकाश". बाईंनी पुन्हा म्हटले, त्याने पुन्हा मान हलवली. तिसऱ्यांदा मात्र त्या सरकल्या आणि त्यांनी बाकावर जागाच केली. तो उठून आला. एका वृद्धाची शुश्रूषा करण्याचे काम त्याच्याकडे होते, आणि तासाभराची सुटी मिळाली होती. घड्याळ पाहून तो म्हणाला, "मनिलात आता पहाटेचे तीन वाजलेत. मध्यरात्रीचे जेवण उरकून मुले झोपली असतील." त्यानंतर तो बराच वेळ काही बोलला नाही, जेवला मात्र पोटभर.

फिलिपिनो मानसशास्त्रज्ञ व्हर्जिलिओ एन्रिकेझ (१९४२–१९९४) यांनी 'कापवा' या शब्दाला आपल्या विचारात मध्यवर्ती स्थान दिले. इंग्रजीत त्याचे भाषांतर 'दुसरा' असे करतात. एन्रिकेझ यांचे म्हणणे असे की, त्या एका शब्दात 'मी' आणि 'दुसरा' दोघेही एकत्र असतात. त्या बाकावर केलेली वीतभर जागा म्हणजे याच विचाराचे प्रात्यक्षिक होते, असे मला वाटते.

आता माझ्या स्नेह्यांच्या आक्षेपाकडे वळू. असत्य म्हणजे फसवणूक. पण "या जेवायला" म्हणण्यात फसतो कोण? बोलावणारा आपले दार उघडे असल्याचे सांगतो, आणि जाणारा त्याच्या भाकऱ्यांची लाज राखतो. दोघे मिळून एक सत्यच सांभाळत असतात. शिवाय शंभरांतला एखादा खरोखर उपाशी असतो. तो उपाशी आहे हे कपाळावर लिहिलेले नसते. ते कळते त्याच्या दुसऱ्या नकाराच्या अडखळण्यावरून, आणि तो दुसरा नकार ऐकायला दुसऱ्यांदा बोलवावे लागते. पहिले "या" रिवाजाचे असेल. दुसरे आणि तिसरे माणसाचे असते. पण रिवाजाचे पहिलेच नसेल, तर पुढची दोन येणार कोठून?

कोणी म्हणेल, खानावळीतल्या भरल्या पानावर औदार्य सोपे आहे. खरे आहे. मोजक्या भाकऱ्यांच्या घरात तो शब्द महाग पडतो, कारण समोरचा खरेच बसला तर आपल्यातली एक त्याला द्यावी लागते. ही जोखीम हीच त्या शब्दाची किंमत होय. जो शब्द आपल्याला एका भाकरीलाही पडू शकत नाही, तो शब्द पोकळ म्हणावा. "या जेवायला" हा तसा नव्हे.

या दिवाळीतही फराळाची ताटे शेजारी जातील आणि रिकामी परत येणार नाहीत. ती देवघेव सोपी, कारण ती 'आम्हां'तलीच. पण ऐन सणाच्या दुपारी तीन जिने चढून खोके घेऊन येणारा मुलगा दाराशी उभा असतो. आपण दार किलकिले करून खोके घेतो. त्याला "या, फराळाला" म्हटले, तर तो "नको काका, घाई आहे" म्हणेल, आणि बहुधा ते खरेही असेल. तरी दुसऱ्यांदा म्हणून पाहावे. आणि तिसऱ्यांदा म्हणण्याच्या तयारीने, आत एक पाट मांडून ठेवावा.