दोषाचे स्थान: बहरीनचे पाणी आणि शुद्धीचा प्रश्न

वस्तू शुद्ध होते ती तिच्यातील काही काढून टाकल्यामुळे की तिच्यात काही नवे आल्यामुळे, हा भारतीय तत्त्वज्ञानातील जुना प्रश्न असून त्याची अत्यंत काटेकोर मांडणी शंकराचार्यांच्या ब्रह्मसूत्रभाष्यात सापडते. पहिल्या अध्यायाच्या पहिल्या पादातील चौथ्या सूत्रावर भाष्य करताना आचार्यांनी कर्माने साधणाऱ्या फळांचे चार प्रकार विचारात घेतले आहेत: उत्पाद्य म्हणजे जे नव्याने निर्माण होते, विकार्य म्हणजे ज्याचे रूप पालटते, आप्य म्हणजे जे मिळवावे लागते, आणि संस्कार्य म्हणजे ज्याच्यावर संस्कार करून ते योग्य केले जाते. या शेवटच्या प्रकाराच्या पुन्हा दोन वाटा सांगितल्या आहेत. संस्कार एक तर गुणाधानाने होतो, म्हणजे वस्तूत नसलेला गुण तिच्या ठायी आणून, किंवा दोषापनयनाने, म्हणजे तिच्यात असलेला दोष दूर करून. मोक्ष या चारही प्रकारांत बसत नाही हे दाखवणे हा आचार्यांचा हेतू होता. परंतु मोक्षाच्या अलीकडे जो सारा व्यवहार उरतो त्यात हे विभाजन उपयोगी पडते, आणि पाण्याच्या बाबतीत तर फारच. बहरीनमधील एखाद्या मराठी कुटुंबाच्या ओट्याखाली बसवलेल्या आरओ यंत्रात हे दोन्ही संस्कार पाठोपाठ घडतात: पडदा पाण्यातील क्षार काढतो, आणि खनिजांची नळी बसवलेली असेल तर ती कॅल्शियम व मॅग्नेशियम थोड्या प्रमाणात परत घालते. यंत्र बिघडले की मात्र या दोहोंच्याही आधीचा प्रश्न समोर येतो, तो दोषाच्या स्थानाचा. दोष कोठे आहे हे ठरल्याशिवाय तो दूर करण्याची भाषा निरर्थक आहे, आणि शुद्धीविषयीच्या धार्मिक विचारात हाच प्रश्न वारंवार गाळला गेला आहे.

बहरीन हे बेट एके काळी गोड्या पाण्यासाठी प्रसिद्ध होते. सुमेरियन पुराणकथेत दिल्मुन नावाच्या पवित्र भूमीला गोड पाणी नव्हते म्हणून भूगर्भातील जलाचा देव एन्की याने ते उपलब्ध करून दिले, अशी हकीकत आहे, आणि दिल्मुन म्हणजे बहरीन व आसपासचा प्रदेश असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. डॅनिश संशोधक पी. व्ही. ग्लोब आणि जेफ्री बिबी यांच्या मोहिमेने १९५४ पासून बार्बार येथे जे प्राचीन मंदिर खणून काढले, त्यात पायऱ्या उतरून जावे असे एक जलकुंड आहे. पुढच्या काळातही मोती काढणारे पाणबुडे समुद्राच्या तळाशी फुटणाऱ्या गोड्या झऱ्यांचे पाणी चामड्याच्या पिशव्यांत भरून वर आणत. अधारी या मोठ्या झऱ्याविषयी बहरीनमध्ये एक म्हण आहे की तो दूरच्यांना पाजतो आणि जवळच्यांना कोरडे ठेवतो. विसाव्या शतकात पंपांनी होणारा उपसा बेसुमार वाढला, भूजलाचा दाब उतरला, समुद्राचे पाणी आत सरकले आणि अधारीचा नैसर्गिक प्रवाह आटला. १९८४ मध्ये रास अबू जर्जूर येथे खाऱ्या भूजलावर चालणारे मोठे आरओ केंद्र सुरू झाले, पुढे अल दूरसारखी समुद्राचे पाणी घेणारी केंद्रे आली. त्यामुळे राजधानी मनामातील नळाला जे पाणी येते त्यावर दोषापनयनाचा संस्कार बव्हंशी आधीच झालेला असतो, आणि घरातील यंत्र तोच संस्कार दुसऱ्यांदा करत असते.

या यंत्राची रचना समजल्याशिवाय त्याच्या बिघाडाचा विचार करता येत नाही. पाण्याला मोकळे सोडले तर ते पातळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे अर्धपार्य पडद्यातून, म्हणजे पाणी जाऊ देणाऱ्या पण क्षार अडवणाऱ्या पडद्यातून, आपोआप सरकते. हे परासरण होय. दाट बाजूवर पुरेसा दाब दिला की हा प्रवाह उलटतो, म्हणून त्याला उलटे परासरण, म्हणजे रिव्हर्स ऑस्मोसिस किंवा संक्षेपाने आरओ, म्हणतात. समुद्राच्या पाण्यासाठी हा दाब वातावरणाच्या दाबाच्या सत्तावीस पटींहून अधिक असावा लागतो, तर नळाच्या पाण्याला साध्या छोट्या पंपाचा दाब पुरतो. व्यवहारात वापरता येईल असा पडदा १९६० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरीराजन यांनी तयार केला. आजचे घरगुती पडदे त्याहून वेगळ्या, पॉलिअमाइड नावाच्या द्रव्याचे असतात आणि क्लोरीनने खराब होतात. म्हणूनच पडद्याच्या आधी गाळ अडवणारा सेडिमेंट फिल्टर आणि क्लोरीन शोषणारा कार्बन फिल्टर असतो. पडद्यातून पार न झालेले खारट पाणी वेगळ्या नळीने मोरीत जाते, आणि गोडे पाणी साठवणाऱ्या बंद टाकीत रबरी पिशवीमागची हवा ते तोटीकडे ढकलते.

आता समजा की पाणी खारट लागू लागले. सर्वसाधारण समजूत अशी की पडदा गेला. न्यायदर्शनाने अनुमानाचे जे तीन प्रकार सांगितले आहेत त्यांपैकी शेषवत् अनुमानाचा एक अर्थ भाष्यकार वात्स्यायनांनी असा केला आहे की संभाव्य पर्याय एकेक करून निरस्त झाले की जो उरतो तो स्वीकारावा. यंत्राच्या दुरुस्तीत हीच रीत लागते, आणि घाई केली तर ती फसते. प्रथम टीडीएस मीटरने, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देणाऱ्या उपकरणाने, आत येणारे आणि बाहेर पडणारे अशी दोन्ही पाणी मोजावी लागतात. आत चारशे आणि बाहेर चाळीस असेल तर पडदा नव्वद टक्के क्षार अडवतो आहे, आणि चव बिघडल्याचे कारण अन्यत्र शोधले पाहिजे. यंत्र रात्रभर बंद राहिले असेल तर पडद्याच्या दोन्ही बाजूंचे क्षार हळूहळू समतोलाकडे जातात आणि सकाळचा पहिला पेला खारट येतो; तो ओतून दिला की दोष संपतो. कार्बन फिल्टर जुना झाल्यामुळे क्लोरीन पुढे गेला असेल तर नवा पडदाही काही महिन्यांत तसाच होतो, कारण मूळ दोष एक पायरी अलीकडे आहे. तोटीची धार बारीक झाली पण मोरीत पाणी नेहमीप्रमाणे जाते आहे, असे असल्यास टाकीमागची हवा उतरली असण्याचा संभव मोठा. मोरीतली धार कधी थांबतच नसेल तर दोष बहुधा पाणी भरल्यावर प्रवाह तोडणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये असतो.

बहरीनच्या उन्हाळ्यात आणखी एक कारण पुढे येते, ते यंत्राच्या कोणत्याही भागात नसते. गच्चीवरच्या टाक्यांतील पाणी जुलै-ऑगस्टमध्ये हात पोळावा इतके तापते. पाणी तापले की पडद्यातून ते अधिक वेगाने जाते, पण क्षारही अधिक प्रमाणात पार होतात. पडद्यांची क्षमता साधारण पंचवीस अंश सेल्सिअसला मोजलेली असते, आणि चाळिशीच्या पुढे बहुतेक घरगुती यंत्रे चालवूच नयेत अशी सूचना असते. पाणी खारट येते आणि तरीही बदलण्यासारखे काहीच नसते. तिथे दोष ऋतूचा आहे.

मीटरच्या आकड्यालाही मर्यादा आहे, आणि ती ओळखणे हा प्रमाणविचाराचा, म्हणजे ज्ञान कोणत्या साधनाने सिद्ध होते या विचाराचाच, भाग आहे. मीटर विद्युतवाहकता मोजतो आणि तिच्यावरून क्षारांचा अंदाज देतो. जंतू त्याला दिसत नाहीत, कीटकनाशके दिसत नाहीत. तळाशी मेलेले झुरळ असलेल्या टाकीतील पाण्याचा आकडा उत्तम येऊ शकतो. एका प्रमाणाने जे सिद्ध होते ते त्याच्या विषयापुरतेच सिद्ध असते, ही मर्यादा विसरली की आकड्याचीही पोथी होते.

धर्मग्रंथांनी पाण्याच्या दोषाची कसोटी कशी लावली हे या पार्श्वभूमीवर पाहण्यासारखे आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात जमिनीवर साचलेले, एका गाईची तहान भागेल इतके, अपवित्र वस्तूने न व्यापलेले आणि योग्य गंध, वर्ण व रस असलेले पाणी शुद्ध मानले आहे. इस्लामी धर्मशास्त्रात पाण्याचे तीन वर्ग केले जातात: तहूर म्हणजे स्वतः शुद्ध आणि इतरांना शुद्ध करणारे, ताहिर म्हणजे शुद्ध पण वुजूला, अर्थात नमाजापूर्वीच्या प्रक्षालनाला न चालणारे, आणि नजिस म्हणजे अशुद्ध, आणि घाण पडल्याने पाण्याचा रंग, चव किंवा वास बदलला की ते अशुद्ध, हे त्यातील सर्वमान्य सूत्र आहे. दूर अंतरावरच्या या दोन परंपरा त्याच तीन इंद्रियगोचर गुणांवर येऊन थांबतात ही गोष्ट साधी नाही. सौदी अरेबियातील ज्येष्ठ धर्मपंडितांच्या परिषदेने १९७८ मध्ये सांडपाणीसुद्धा प्रक्रियेने मूळ चव, रंग व वास यांवर परत आले तर वुजूला चालेल असा निर्णय दिला, तो याच कसोटीच्या बळावर. समुद्राचे पाणी तर इस्लामी परंपरेत मुळातच तहूर आहे. ते गोडे करावे लागते ते तहानेसाठी. म्हणजे पूजेची किंवा नमाजाची योग्यता आणि पिण्याची योग्यता या दोन गोष्टी परंपरांनीच वेगळ्या ठेवल्या होत्या. मराठी घरात कलशपूजनाच्या वेळी गंगा, यमुना, गोदावरी, सरस्वती, नर्मदा, सिंधू आणि कावेरी यांचे आवाहन होते, आणि मनामातील तांब्याच्या कलशात आखाताचे क्षार काढलेले पाणी असले तरी आवाहनात काही उणे राहत नाही, कारण तो संस्कार गुणाधानाचा आहे आणि क्षारांशी त्याला काही देणेघेणे नाही.

परंतु ज्या मनुस्मृतीत इंद्रियांनी पडताळता येणारी ही कसोटी आहे, त्याच परंपरेत स्पर्शदोषाची दुसरी कसोटीही आहे, आणि ती कोणत्याही प्रमाणाने पडताळता येत नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले. मुंबई विधिमंडळाने १९२३ च्या बोले ठरावाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले ठेवावेत असे आधीच म्हटले होते. या सत्याग्रहानंतर महाडच्या सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध आणि दही यांचे १०८ घडे तळ्यात ओतून ते 'शुद्ध' केले. या कृतीची तार्किक तपासणी केली तर तिचे अपयश पूर्णपणे उघडे पडते. मनुस्मृतीच्याच तीन गुणांनी पाहिले तर तळ्याच्या गंधात, वर्णात, रसात सत्याग्रहींच्या ओंजळीने कोणताही बदल झाला नव्हता. बदल झाला तो घड्यांतील द्रव्याने. दोष पाण्यात नव्हताच, तेथे त्याचे अपनयन कसे होणार? स्पर्शदोष डोळ्यांना न दिसणारा असून तो केवळ शास्त्रवचनाने कळतो, असा बचाव केला जाई. तो टिकत नाही, कारण शंभर श्रुतींनी अग्नी शीत असल्याचे सांगितले तरी ते प्रमाण होत नाही, असे शंकराचार्यांनीच गीताभाष्यात म्हटले आहे, आणि माणसाच्या ओंजळीने पाणी नासत नाही हे अग्नीच्या उष्णतेइतकेच प्रत्यक्ष आहे. दोष समाजाच्या दृष्टीत होता आणि उपचार तळ्यावर झाला. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृतीचे दहन झाले. मुंबई उच्च न्यायालयाने १९३७ मध्ये अनादी वहिवाटीचा सनातन्यांचा दावा पुराव्याअभावी फेटाळला.

बहरीनच्या घरातील यंत्राला हा इतिहास लागू पडतो तो दोन प्रकारे. एक तर दोष नाही तेथे केलेला उपचार निरुपद्रवी नसतो, कारण काढलेला दोष नाहीसा होत नाही. घरगुती आरओ एका लिटर गोड्या पाण्यामागे पुष्कळदा त्याहून अधिक पाणी मोरीत सोडतो, आणि मोठ्या केंद्रांचे दाट खारे पाणी त्याच उथळ आखातात जाते ज्यातून कच्चे पाणी घेतले जाते. त्यामुळे अनावश्यक शुद्धी हा स्वतःच एक दोष ठरतो. भारतात राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये जेथे टीडीएस लिटरला पाचशे मिलिग्रॅमपेक्षा कमी आहे तेथे आरओ वापरू नये असा निर्देश दिला, तो याच कारणाने. मनामात यंत्र दुरुस्त करणाऱ्याने नव्या पडद्याची किंमत सांगण्याआधी मीटर थेट नळाखाली धरावा, आणि आकडा कमी निघाला तर पडद्याची गरजच नाही असे घरमालकाला सांगावे, जरी त्यात त्याचे नुकसान असले तरी.

दुसरे असे की पडद्यावर सोपवलेली काळजी मग गच्चीवरच्या टाकीकडे न्यावी लागते: झाकण घट्ट बसते का, गाळ शेवटचा कधी काढला, टाकीवर सावली आहे का, क्लोरीन शेवटच्या मजल्यापर्यंत टिकतो का. ओट्याखालचा पडदा एकाच स्वयंपाकघराचे पाणी शुद्ध करतो. गच्चीवरची टाकी सगळ्या इमारतीची असते, आणि ती साफ झाली तर तळमजल्यावरच्या खोलीत राहणाऱ्या राखणदाराच्या आणि इमारतीत कामाला येणाऱ्या बायकांच्या पेल्यातही तेच पाणी येते, ज्यांना आरओचा पेला एरवी कोणी देऊ करतोच असे नाही.