आरसा आणि आत्मौपम्य

मनुष्य स्वतःस कशावरून ओळखतो, हा प्रश्न जुनाच आहे. परंतु हल्ली त्याचे उत्तर हातातल्या मोबाईलवर आकड्यांत मिळू लागले आहे. २००९ साली फेसबुकने ‘लाइक’चे बटण आणले आणि पुढे तरुणांच्या चेहऱ्याला, कपड्याला, किंबहुना दुःखालाही गुण पडू लागले. परीक्षेचे गुण वर्षातून दोनदा मिळत. हे तासातासाला मिळतात. आमच्या हुलसूरच्या शिवारात तुरीच्या राशीवर राबून रापलेला मुलीचा वर्ण मोबाईल क्षणात उजळ करून दाखवितो, आणि मग आरशातला खरा चेहराच तिला खोटा वाटू लागतो. ही केवळ वडीलधाऱ्यांची कुरकुर नव्हे. इन्स्टाग्राम चालविणाऱ्या कंपनीचे अंतर्गत संशोधन २०२१ साली उघडकीस आले. आपल्या शरीराविषयी वाईट वाटत असलेल्या किशोरवयीन मुलींपैकी ३२ टक्के मुलींनी, इन्स्टाग्राममुळे ते अधिकच वाईट वाटते, असे त्यात सांगितले होते.

कोणी म्हणेल, हा ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न. यात परक्याचे काय बिघडले? आम्हांस येथेच खरी मेख दिसते. दुसऱ्याचे सुखदुःख ओळखण्याची गीतेने सांगितलेली रीत आत्मौपम्याची आहे: मला लागते तसेच त्यालाही लागते. या तुलनेचे पहिले पद ‘मी’ हे आहे. तो ‘मी’च जर सजवून मांडावयाचे चित्र झाला, तर समोरचाही चित्रच ठरतो, आणि चित्रास वेदना होत नाही.

जुलै २०१८ मध्ये आपल्याच बीदर जिल्ह्यात हे दिसून आले. हैदराबादहून आलेल्या काही तरुणांनी वाटेत शाळकरी मुलांना चॉकलेटे दिली. तेवढ्यावरून मुले पळविणारी टोळी म्हणून त्यांची चित्रफीत व्हॉट्सॲपवर फिरली. त्यांची मोटार मुरकी गावी पोचण्याआधीच त्यांचे चित्र तेथे पोचले होते. जमावाने वाट अडविली, मारहाण केली, आणि एक तरुण संगणक अभियंता प्राणास मुकला. काही हात मारीत होते, काही हात ते टिपीत होते. पुढे पकडलेल्यांत त्या व्हॉट्सॲप गटाचा चालकही होता. त्याच महिन्याच्या १ तारखेस धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी अशाच अफवेपायी मारले गेले. ज्यांच्या झोळीत आपल्या आज्या पसाभर पीठ घालीत, तेच हे लोक!

दोष सगळा तरुणांचाच, असे म्हणणे सोपे आहे. आलेला संदेश न वाचताच पुढे धाडणारे काका-मामा आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. आणि मुले शिकतात ती त्यांच्याच मांडीवर बसून. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना इन्स्टाग्राम, फेसबुक आदी माध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली आहे. मुलींच्या आरशापुरता हा उपाय आम्हांस योग्य वाटतो. मुरकीच्या वाटेवर मात्र त्याचा उपयोग झाला नसता. तेथे वयाचा प्रश्न नव्हता, आणि व्हॉट्सॲप तर त्या मनाईतून वगळलेलेच आहे.