कोण म्हणते आणि कशावरून

अर्थशास्त्राचा अभ्यासक्रम बदला, ही मागणी आता जुनी झाली. २००८च्या अरिष्टानंतर ती जगभर उठली, २०११च्या नोव्हेंबरात हार्वर्डमध्ये ग्रेगरी मॅनक्यू यांच्या वर्गातून विद्यार्थी उठून गेले, पुढचे सारे परिचयाचे आहे. आपल्याकडच्या चर्चासत्रांत या मागणीला आलेले रूप मात्र मला फार उथळ वाटते. नवअभिजात अर्थशास्त्राची मक्तेदारी मोडा, त्याच्या शेजारी मार्क्स, केन्स, स्त्रीवादी आणि पर्यावरणवादी विचार मांडा, की सुधारणा झाली, असे समजले जाते. आणखी गणित घाला म्हणणाऱ्यांना विद्यार्थ्याची नोकरी तेवढी दिसते. आणि कौटिल्यावर एक प्रकरण जोडल्याने भारतीय अर्थव्यवस्था कळेल, असे त्याचे पुरस्कर्तेही मनापासून मानत नसावेत.

बहुविधतेचा आग्रह धरणाऱ्यांचे दुखणे खरे आहे, हे आधी मान्य करतो. बाजाराचे एकच चित्र तीन वर्षे दाखवले, तर मुलांना तेच जग वाटू लागते. पण त्यांचा उपाय आपल्या विद्यापीठांत नवा नाही. वरकड मूल्याचा सिद्धांत स्पष्ट करा, हा प्रश्न आपल्या परीक्षांत पिढ्यान्‌पिढ्या येत आला आहे. विद्यार्थी त्यावर पाच मुद्दे लिहितो आणि पुढच्या सेमिस्टरला त्याच शांतपणे सीमान्त उपयोगितेवर लिहितो. हे दोन सिद्धांत एकमेकांच्या मुळावर येतात, याचा त्याला त्रास होत नाही, कारण दोन्हींतले काहीच त्याने तपासलेले नसते. नवा संप्रदाय आला की गाईडमध्ये एक प्रकरण वाढते आणि बरीच मुले ते ऑप्शनला टाकतात.

यावर उत्तर मिळते की दोष शिकवण्याचा आहे, वर्गात वाद घडवा. जरूर घडवावा. पण तो निकाली कशाने निघायचा? किमान वेतन वाढवले की रोजगार घटतो का, यावर दोन संप्रदायांचे वकील वर्षभर भांडू शकतील. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियातल्या फास्ट फूडच्या दुकानांना फोन करून माहिती जमवली आणि १९९४मध्ये दाखवले की अपेक्षित घट तिथे दिसत नाही. विरोधकांनी पगारपत्रके काढून त्या फोनवरच्या आकड्यांनाच आव्हान दिले. वाद मिटला नाही. तरी तो अशा जागी आला की दोन्ही बाजूंना आपले म्हणणे दुरुस्त करावे लागेल. संप्रदायांच्या यादीतून ही जागा कधीच हाती लागत नाही.

म्हणून कोण म्हणते आणि कशावरून म्हणते, या दोन प्रश्नांतला फरक मला अभ्यासक्रमातल्या इतर सगळ्या फरकांपेक्षा मोठा वाटतो. सिद्धांत नकोत असे मी म्हणत नाही. सिद्धांताशिवाय काय मोजायचे तेही ठरत नाही. पण आपण पहिल्या प्रश्नात सगळी वर्षे घालवतो.

१९९९-२०००च्या राष्ट्रीय नमुना पाहणीचे उदाहरण घ्या. अन्नावरचा खर्च पूर्वी तीस दिवसांच्या आठवणीवरून विचारत. या फेरीत त्याच घरांना सात आणि तीस अशा दोन्ही मुदतींबद्दल विचारले. सात दिवसांचे उत्तर सहसा चढे येते, आणि माणसे दोन उत्तरांचा मेळ घालू पाहतात. त्यामुळे तीस दिवसांचा आकडाही फुगला, असा आक्षेप आला. दारिद्र्याचे सरकारी प्रमाण १९९३-९४च्या ३६ टक्क्यांवरून २६वर आले होते. त्यातली किती माणसे खरोखर वर आली आणि किती प्रश्न विचारण्याच्या रीतीने वर आली, हा उदारीकरणाच्या यशापयशाचाच प्रश्न होता. उदारीकरणाचे फायदे-तोटे मात्र आपला विद्यार्थी दहा-दहा मुद्द्यांत लिहितो.

हे शिकवण्याची परंपरा आपल्याला उसनी आणावी लागत नाही. हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरची जमीन, कर्ज आणि घरोघरचे उत्पन्न मोजून १९१७मध्ये पुस्तक लिहिले. धनंजयराव गाडगीळांनी गोखले संस्थेतून पुणे शहराची पाहणी केली. दांडेकर आणि रथ यांनी १९७१मध्ये २२५० उष्मांकांचा निकष धरून गरिबी मोजली; तो निकष चूक की बरोबर यावर भांडता येते, कारण तो उघडपणे मांडलेला आहे.

मग पदवीच्या शेवटच्या वर्षी दोन पेपर कमी करून प्रत्येकाला वीस घरांचा खर्च नोंदवायला पाठवावे, निम्म्या घरांत सात दिवसांचा आणि निम्म्या घरांत तीस दिवसांचा. मुले घरी बसून फॉर्म भरतील, असे प्राध्यापक म्हणतात, आणि ती भीती खोटी नाही. तेव्हा त्यांतल्या काही घरांत दुसऱ्या विद्यार्थ्याला पाठवावे आणि दोन नोंदी का जुळल्या नाहीत, यावर तोंडी परीक्षा घ्यावी. तिथे मार्क्स किंवा मार्शल आठवला तर त्याचे गुण वेगळे द्यायला माझी हरकत नाही.