अकरा चिंध्यांचा पाइप

म्हैसूरहून हुणसूरला जाणाऱ्या रस्त्यावर हिनकल आहे. पूर्वी ते खेडे होते. आता शहर त्याच्या अंगणात आले आहे. तिथे एक शेतकरी राहत होता. आजूबाजूच्या जमिनी विकल्या गेल्या, पण त्याने आपली दोन एकर राखली. त्यात विहीर होती, विहिरीवर मोटर होती आणि कामाला एक सालगडी होता.

शेतकऱ्याला एकच मुलगा. तो हुशार निघाला. म्हैसूर मेडिकल कॉलेजात त्याला जागा मिळाली. हे कॉलेज १९२४ साली सुरू झालेले, सरकारी. म्हणून शेतकऱ्याला फी झेपली. मुलगा डॉक्टर झाला, तेव्हा बाप म्हणाला, "लोकांच्या पैशावर शिकलास. आता लोकांच्याच दवाखान्यात बस."

मुलाने मान डोलावली.

डॉक्टर झालेल्याने एक वर्ष सरकारी सेवा करावी, असा कर्नाटकाचा २०१२ चा कायदा होता. त्या एका वर्षासाठी मुलगा एच. डी. कोटे तालुक्यात, जंगलाच्या कडेच्या एका आरोग्य केंद्रात गेला. वर्ष संपले, तरी तो राहिला. आणखी दोन वर्षे राहिला. मग एके दिवशी ट्रंक घेऊन घरी परतला. दोन महिन्यांत त्याने हिनकलच्या रस्त्यावर स्वतःचा दवाखाना उघडला.

गावातले लोक म्हणाले, "शेवटी पैसा कुणाला सुटतो?"

बाप काही म्हणाला नाही. त्याने मुलाशी बोलणेच सोडले.

त्याच उन्हाळ्यात सालगडीही काम सोडून गेला. गेला तो थेट बांधापलीकडच्या शेजाऱ्याकडे. शेतकरी तावातावाने बांधावर गेला.

"किती जास्त देतो रे तो तुला?"

"जास्त नाही, मालक. तुमच्याएवढेच देतो."

"मग का गेलास?"

"त्याचा पाइप धड आहे."

शेतकऱ्याला काही कळेना. सालगडी खाली बघत म्हणाला, "दोन उन्हाळे मी नवा पाइप मागितला. तुम्ही म्हणालात, पुढच्या वर्षी बघू. मी चिंध्या बांधून चालवला. पाणी वाटेतच जिरायचं. शेवटच्या सरीतली मिरची वाळली, तेव्हा तुम्ही मला चारचौघांत कामचोर म्हणालात."

शेतकरी आपल्या शेतात आला. पाइप हातात घेऊन त्याने टोकापासून चिंध्या मोजल्या. अकरा भरल्या. त्यातली एक सालगड्याच्या लुंगीची होती.

दुसऱ्या दिवशी तो मुलाच्या दवाखान्यासमोरून चालला होता. बाकड्यावर एक म्हातारी बसली होती. पायांवर धूळ, मांडीवर गाठोडे. शेतकऱ्याने विचारले, "कुठून आलात, आजी?"

"एच. डी. कोट्याच्या पलीकडून. डॉक्टर इकडे आला, म्हणून मीही इकडे आले. दोन कोंबड्या विकल्या तिकिटासाठी."

मुलाने तिला तपासले. फी घेतली नाही. म्हातारी उठताना म्हणाली, "फी नको म्हणालास, देव तुझं भलं करो. पण पुढच्या वेळी विकायला कोंबडी नाही रे माझ्याकडे."

शेतकरी दारात उभा होता. ती गेल्यावर तो आत आला आणि कितीतरी दिवसांनी मुलाशी बोलला.

"तू का आलास परत?"

मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "अप्पा, डोंगराळ, आदिवासी भागात वीस हजार माणसांमागे एक आरोग्य केंद्र, असा नियम आहे. त्या वीस हजारांना मी एकटा. औषधाच्या कपाटाची किल्ली फार्मासिस्टकडे. तो दोन केंद्रांना मिळून एक. आठवड्यातले तीन दिवस आमच्याकडे. एका रात्री साप चावलेलं पोर आलं. औषध कपाटात होतं, किल्ली नव्हती. मी कुलूप फोडलं."

"पोर?"

"वाचलं. पण कुलूप का फोडलं, म्हणून माझ्याकडे लेखी खुलासा मागितला."

बाप खाली बसला.

"पैसाही हवा होता, अप्पा. खोटं नाही बोलत. इथे जास्त मिळतात. पण नुसत्या पैशासाठी आलो असतो, तर पहिल्या वर्षीच आलो असतो."

"तिथे कुणीच टिकत नाही का?"

"टिकतात ना. १९८४ साली आमच्याच कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी स्वामी विवेकानंद युथ मूव्हमेंट सुरू केली. ते याच कोटे तालुक्यात गेले. सरगूरला आज त्यांचं रुग्णालय उभं आहे. पण त्यांना एकमेकांची साथ होती. मला रात्री विचारायलाही कुणी नव्हतं."

मुलाने कोपऱ्यातली ट्रंक उघडली. त्याला बापाला टॉर्च दाखवायचा होता. वीज गेली की त्याच टॉर्चच्या उजेडात त्याने बाळंतपणे केली होती. पण टॉर्चखाली औषधांच्या दुकानाच्या पावत्यांचा गठ्ठा होता. सगळ्या त्याच्याच नावाच्या. केंद्रातले औषध संपले की तो पदरचे पैसे घालून आणत असे.

बापाने गठ्ठा हातात घेतला. या वेळी त्याने मोजले नाही.

त्याने आधी आपल्या शेतासाठी नवा पाइप घेतला. मग जुना पाइप खांद्यावर टाकून तो कोट्याची बस धरून म्हातारीच्या गावी गेला. आरोग्य केंद्राच्या समितीची बैठक होती. लोक म्हणत होते, "आम्हाला डॉक्टर पाहिजे. आलेला डॉक्टर टिकत नाही."

शेतकऱ्याने पाइप त्यांच्यापुढे ठेवला. सालगड्याची गोष्ट सांगितली. मुलाची गोष्ट सांगितली. मग म्हणाला, "डॉक्टर येईल तेव्हा येईल. त्याच्या हातात काय द्यायचे, ते आज ठरवू."

कपाटाच्या दुसऱ्या किल्लीसाठी त्यांनी वरून लेखी परवानगी मिळवली. ती किल्ली नर्सच्या ताब्यात आली. गावकऱ्यांनी डॉक्टरांच्या गळक्या घराची कौले शाकारली. रात्री रुग्ण आला, तर डॉक्टरसोबत थांबायला दोन तरुणांची पाळी लावली. पूर्णवेळ फार्मासिस्ट द्या, म्हणून दर महिन्याला तालुक्याला पत्र धाडले. सहा पत्रे वाया गेली. सातव्या पत्रानंतर फार्मासिस्ट आला.

पावसाळ्यात एक तरुण डॉक्टरीण वर्षाच्या सेवेसाठी रुजू झाली. वर्ष संपले. तिने बदली मागितली नाही.

हिनकलच्या दवाखान्यात एकदा मुलगा बापाला म्हणाला, "ती कोट्याची आजी किती दिवसांत आली नाही."

बापाने रिकाम्या बाकड्याकडे पाहिले. "बरं झालं," तो म्हणाला आणि मिरचीला पाणी सोडायला शेताकडे निघाला.

तात्पर्य : काम सोडून जाणाऱ्याला बोल लावण्याआधी, काम करायला आपण त्याच्या हातात काय दिले होते, ते पाहावे.