मधला डबा

गाडीचा सायलेन्सर घरच्या अंगणात एकट्याने बदलणे वाटते तेवढे अवघड नाही, आणि सांगतात तेवढे सोपेही नाही. गंज बाहेर दिसतो त्यापेक्षा आत जास्त असतो. पेट्रोल जळताना पाण्याची वाफही तयार होते. सिटी चौकातून औरंगपुऱ्यापर्यंत जाऊन परतणाऱ्या गाडीची नळी पुरती तापत नाही, पाणी आत साचते आणि पत्रा आतून कुजतो. मग आदल्या रात्री नटांवर तेल सोडा, नुसत्या जॅकवर न विसंबता भक्कम स्टँड लावा, रबरी हँगर सोडवा आणि एका हाताने पाइप पेलत दुसऱ्या हाताने पाना फिरवा. दुसरे टोक धरायला कुणी नसते. बंद जागेत इंजिन मात्र चालू करायचे नाही. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला त्याची ओढ प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक.

पण टोक धरायला कुणी नसते, तसे पाहायलाही कुणी नसते. खरा प्रश्न इथून सुरू होतो.

या नळीच्या वाटेवर एक डबा असतो, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. त्याच्या आत मधाच्या पोळ्यासारखी चिनीमातीची जाळी, आणि जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा पातळ थर. विषारी कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांना तो बऱ्याच अंशी निरुपद्रवी करून बाहेर सोडतो. भारतात 1995 मध्ये चार महानगरांतील नव्या पेट्रोल गाड्यांना तो सक्तीचा झाला. शिशामुळे तो निकामी होतो, म्हणून शिसेविरहित पेट्रोलही तेव्हाच आले. आता हा डबा निकामी झाला तर नवा महाग पडतो. त्याच्या जागी साधी नळी वेल्ड केली की भागते. मागचा सायलेन्सर शाबूत असेल तर आवाज फारसा वाढत नाही. नव्या गाड्यांत धोक्याचा दिवा लागतो, पण त्याला फसवणारे तुकडेही बाजारात मिळतात.

गाडी त्यानंतरही तशीच धावते. मालकाला काही कमी पडत नाही. कमी पडते ते गल्लीत मागे उभ्या असलेल्याला, आणि त्यालाही ते कळत नाही.

बुलेटचे फटफटणारे सायलेन्सर पोलिसांनी अलीकडच्या वर्षांत अनेक शहरांत रोडरोलरखाली चिरडले, त्याचे फोटो छापून आले. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात 2019 साली दुरुस्ती झाली, आणि हवा व आवाजाचे निकष मोडणाऱ्याला आता 10,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कायद्याच्या लेखी दोन्ही सारखे. तरी आपला संताप कानाला कळणाऱ्या अपराधावरच का उसळतो? मला वाटते, आपण अपराधापेक्षा उपद्रवावर चिडतो. जो त्रास जाणवत नाही, तो आपण त्रासात धरत नाही.

प्लेटोने ‘रिपब्लिक’मध्ये गायजीसची अंगठी आणली. ती फिरवली की माणूस अदृश्य होतो. मग सज्जन आणि दुर्जन यांच्या वागण्यात फरक उरेल का, असा तिथला सवाल आहे. 2015 मध्ये ही अंगठी एका बलाढ्य उद्योगाच्या बोटात सापडली. फोक्सवॅगनने जगभरातील सुमारे एक कोटी दहा लाख डिझेल गाड्यांत असे सॉफ्टवेअर घातले होते, की तपासणी चालू आहे हे गाडीलाच समजे आणि तेवढ्यापुरती ती शुद्ध होई. भारतातही तीन लाखांहून अधिक गाड्या परत बोलावण्याचे जाहीर झाले. त्यांत त्याच समूहातील स्कोडाच्या गाड्याही होत्या, जिचा कारखाना आपल्या शेंद्र्यात आहे. तिथे शेकडो अभियंते होते. अंगणातला माणूस एकटा. पण युक्तिवाद एकच: पाहणारा नसताना नियम कुणासाठी?

“माझ्या एका गाडीने काय होणार?” हे उत्तर ठरलेले असते. हिशेबाने ते खरेही आहे. एका गाडीच्या धुराने कोणाच्या छातीत काय झाले, हे कुणी सिद्ध करू शकणार नाही. पण याच शहराला पाणी पाजणारी मलिक अंबरची नहर आठवून पाहा. सतराव्या शतकाच्या आरंभी खडकीसाठी जमिनीखालून पाणी आणले गेले. ते वरच्या मोहल्ल्यातून खालच्या मोहल्ल्यात जाई. वरच्याने ओंजळभर घाण टाकली तर खाली तहान भागवणाऱ्याला कदाचित कळलेही नसते. म्हणून ती टाकण्याचा हक्क वरच्याला मिळाला असता का? हवेच्या नहरीत तर वर-खाली असेही काही नाही. आपण सगळेच एकमेकांच्या वरच्या अंगाला राहतो.

कच्चा लसूण खाऊन मशिदीत येऊ नये, अशी शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. लसूण हराम नाही, पण त्याचा वास दुसऱ्याला सोसावा लागतो. वासाचा एवढा विचार करणाऱ्यांनी बिनवासाच्या विषाचा तर अधिकच करायला हवा.

आता एक अडचण आहे, आणि ती मला झटकता येत नाही. जुनी गाडी भाड्याने चालवून घर चालवणारा माणूस आहे. नव्या कन्व्हर्टरची किंमत त्याच्या गाडीच्या उरल्यासुरल्या किमतीच्या जवळ जाते. मिस्त्रीकडे जायला पैसे नाहीत म्हणूनच तो रविवारी स्वतः गाडीखाली शिरला आहे. त्याला नहरीचे दृष्टांत ऐकवणे सोपे आहे. त्याचा धूर शेजाऱ्याच्या घरात जातो हे खोटे नाही, पण त्याची मुलेही त्याच गल्लीत श्वास घेतात. ज्याच्या दारी दोन गाड्या आहेत आणि जो केवळ काही हजार वाचवायला डबा उडवतो, त्याचा हिशेब आधी मागावा. या माणसापर्यंत आपण नंतर येऊ, आणि येताना डब्याच्या किमतीतला काही वाटा मोहल्ल्याने उचलायचा का, हेही विचारावे लागेल.