पहारा आणि सोबत

मूल तापानें फणफणलें कीं घरांतील माणसें त्याच्या कपाळावर हात ठेवतात. पण त्याच मुलाचें मन आजारी पडलें कीं पहिला हात दाराच्या कडीकडे जातो. शरीराच्या दुखण्याची कींव येते, मनाच्या दुखण्याची भीति वाटते. आणि भ्यालेला मनुष्य शुश्रूषा करीत नाहीं, पहारा बसवितो. हा पहारा कित्येकदां मायेपोटींच बसविलेला असतो, हीच या प्रश्नांतील खरी अडचण आहे. ज्या कोवळ्या जीवाचें मन बिघडलें आहे, त्याचें आपण काय देणें लागतों?

करवीरच्या गादीच्या इतिहासांतील एक प्रकरण या विचारास फार उपयोगी पडणारें आहे. विलायतेहून परत येतांना १८७० च्या नोव्हेंबरांत छत्रपति राजाराम महाराज इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं वारले. त्यांना पुत्र नव्हता. १८७१ सालीं एक आठ वर्षांचा मुलगा दत्तक घेण्यांत आला. तेच चौथे शिवाजी महाराज. ज्या वयांत मुलानें हट्ट करावा, रुसावें आणि रुसवा काढणारें कोणी असावें, त्या वयांत त्यांच्या वांट्यास मुजरे आले. पुढें तारुण्याच्या उंबरठ्यावर त्यांच्या मनाची प्रकृति बिघडली. सरकारनें त्यांना वेडे ठरविलें, आणि शेवटीं कोल्हापुरापासून दूर अहमदनगरच्या किल्ल्यांत ठेवलें. तेथें पहाऱ्यावरील ग्रीन नांवाच्या गोऱ्या शिपायाशीं झालेल्या झटापटींत २५ डिसेंबर १८८३ रोजीं त्यांचा अंत झाला. वय अवघें वीस वर्षांचें.

या प्रकरणानें सारा महाराष्ट्र हालला होता. दिवाण माधवराव बर्वे हेच महाराजांच्या हालांचे कारण आहेत, असा बोभाटा झाला. ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांनीं महाराजांचा पक्ष घेतला. बर्व्यांनीं अब्रूनुकसानीची फिर्याद केली, पुराव्यादाखल पुढें आलेलीं पत्रें खोटीं ठरलीं, आणि १८८२ सालीं टिळक व आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. त्यांपैकीं एकशें एक दिवस त्यांनीं डोंगरीच्या तुरुंगांत काढले. त्याच तुरुंगांत आगरकरांनीं ‘हॅम्लेट’च्या भाषांतराचें काम केलें, ‘विकारविलसित’ या नांवानें तें १८८३ त प्रसिद्ध झालें. वेडा झालेला कीं वेडाचें सोंग घेतलेला, हा वाद ज्याच्याविषयीं अजून मिटला नाहीं, अशा राजपुत्राचें तें नाटक! आणि त्याच वेळीं एक खराखुरा राजपुत्र बंदोबस्तांत दिवस कंठीत होता.

या साऱ्या वादाचा भर दोन प्रश्नांवर होता. महाराज वेडे आहेत कीं नाहींत, हा पहिला. आणि असतील तर दोष कोणाचा, हा दुसरा. दोन्ही प्रश्न योग्यच होते. राज्याचा व न्यायाचा विचार करणारांना ते टाळतां येण्यासारखे नव्हते. परंतु आजाऱ्याच्या उशाशीं बसणाराचा प्रश्न तिसराच असतो: “तुला काय होतें आहे?” पहिल्या प्रश्नाचें उत्तर वैद्य देतो, दुसऱ्याचें न्यायाधीश. तिसऱ्याचें उत्तर फक्त तो मुलगाच देऊं शकतो, आणि तेंही जवळ बसून ऐकणारा कोणी असेल तरच.

यावर कोणी म्हणेल, त्या काळीं मनोविकारांचें ज्ञान तें किती! शिवाय रोगी स्वतःस किंवा दुसऱ्यास इजा करूं लागला तर त्याला आवरूं नये काय? आवरावेंच लागतें, आगीशीं खेळणाऱ्या मुलाचा हात आपण धरतोंच. पण धरलेला हात आणि बांधलेला हात यांत भेद आहे. हात धरणारा स्वतःही तेथें अडकून पडतो. बांधणारा गांठ मारून निघून जातो.

याच गादीवर १८८४ त कागलच्या घाटगे घराण्यांतील नऊ वर्षांचे यशवंतराव दत्तक आले. तेच राजर्षि शाहू महाराज. त्यांचीही आई लहानपणींच गेली होती, आणि वडीलही लवकरच गेले. परंतु राजकोटच्या शाळेंत धाकटे बंधु बापूसाहेब त्यांच्याबरोबर होते. पुढें धारवाडास फ्रेझरसाहेबांच्या हाताखालीं शिकतांनाही सहाध्यायी होते. १८९४ त राज्याधिकार हातीं आल्यावर त्यांनीं १९०१ पासून कोल्हापुरांत विद्यार्थ्यांसाठीं वसतिगृहें उभारलीं. यावरून एकाला सोबत मिळाली म्हणून तो तरला आणि दुसऱ्याला न मिळाल्यानें तो वेडा झाला, असा सिद्धांत काढणें मात्र अन्यायाचें होईल. मनाचे रोग भरल्या घरांतल्या, लाडांत वाढलेल्या मुलांनाही होतात. “तुमची माया कमी पडली” असें त्यांच्या आईबापांना सांगणें, यासारखी क्रूर गोष्ट नाहीं. सोबत हें औषध नव्हे. औषध लागू पडलें नाहीं तर बदलतां येतें. सोबत मात्र गुण येवो न येवो, द्यावयाचीच असते. नगरच्या किल्ल्यांतील त्या तरुणास ती मिळती, तर तो बराच झाला असता असें नाहीं. पण त्याच्या दुखण्यांत कोणी वांटेकरी असता.

हें तत्त्व आतां कायद्यानेंही मानलें आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याप्रमाणें अल्पवयी रोग्यास रुग्णालयांत ठेवावें लागलें, तर प्रौढांपासून वेगळें ठेवावें, आणि त्याचा नामनिर्देशित प्रतिनिधि किंवा त्यानें नेमलेला सोबती सर्व काळ त्याच्याजवळ असावा, असा दंडक आहे. पण हा दंडक रुग्णालयाच्या दारापासून सुरू होतो. त्याआधींचीं वर्षें मूल आपल्याच घरांत काढतें, आणि तेथें कोणताही कायदा पोंचत नाहीं.

राज्यें गेलीं, गाद्या मात्र घरोघर आहेत. परीक्षेचा निकाल, वडिलांचा अपुरा राहिलेला मनोरथ, घराण्याचें नांव: या गादीवर आपण आपल्याच मुलांस दत्तक घेतों आणि त्यांना मुजरे करतों. मग एखादें मूल जेवेनासें, बोलेनासें झालें कीं आपणही तेच दोन प्रश्न विचारतों: हें खरें कीं सोंग? आणि दोष कोणाचा, शाळेचा, संगतीचा कीं त्याच्या आईचा? त्यानंतर लोक काय म्हणतील या धाकानें कडी लागते. वैद्याकडे अवश्य जावें, तेंही वेळीं जावें. परंतु तेथें पोंचेपर्यंतच्या वाटेवर आणि तेथून परतल्यावरही मुलाच्या शेजारीं बसणें हें घरच्यांचेंच काम आहे. तिसरा प्रश्न विचारण्यास विद्वत्ता लागत नाहीं. उत्तर लगेच आलें नाहीं तरी उठून न जाण्याइतका धीर मात्र लागतो.